‘कमिट एनीहाऊ?’ म्हणे!

फॉसिल, म्हणजे फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम, बसवण्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. झिप उतरवली, आतली एकुलती एक एक्झी फाइल पाथमधल्या (संगणक जिथे प्रोग्राम शोधतो त्या) फोल्डरात टाकली, संपलं. एसक्यूलाइट या डेटाबेसवाल्या रिचर्ड हिप यांचं हे काम. २००७ पासून फॉसिलचा स्वतःचा सोर्सही फॉसिलमध्येच आहे, आणि प्रकल्पाचा सगळा इतिहास एका एसक्यूलाइट फाइलीत मावतो. डोकं फिरलं ते पुढे, कमिटपाशी, म्हणजे आवृत्ती इतिहासात नोंदवताना.

आमची एक हौशी नाट्यसंस्था आहे. एकांकिकांच्या संहिता माझ्याकडे असतात. दिग्दर्शक तालमीत वाक्यं बदलतो आणि प्रयोग तोंडावर आला की विचारतो, ‘अरे, आधीचं बरं होतं, ते कुठंय?’ याच कामाचं गिट मला नोकरीमुळे ठाऊक होतं, पण या मंडळींना कमांड टाइप करायची काळी खिडकी दाखवून उपयोग नव्हता. ‘फॉसिल यूआय’ म्हटलं की ब्राउझरच उघडतो; टाइमलाइन, विकी, तिकिटं सगळं त्यातच. वेगळं काही जोडावं लागत नाही.

इनिट झालं (नवी रेपॉझिटरी, म्हणजे इतिहासाची फाइल, तयार), ओपन झालं (ती कामाच्या फोल्डराशी जोडली), अ‍ॅड झालं. कमिट म्हटल्यावर उत्तर आलं: अमुक फाइलीत ‘इनव्हॅलिड यूटीएफ-८’ (युनिकोड साठवायच्या पद्धतीत न बसणारा मजकूर) आहे, ‘कमिट एनीहाऊ?’, म्हणजे तरी कमिट करू? नुसतं एंटर दाबलं तर त्याचा अर्थ ‘नाही’, आणि मग त्या एका फाइलीसाठी अख्खं कमिट रद्द.

आमच्या जुन्या संहिता डीटीपीवाल्याकडून आलेल्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टातल्या, पेजमेकरमधून टेक्स्ट म्हणून काढलेल्या. त्या फॉन्टांनी मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी आणि इतर लॅटिन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. फॉन्ट गेला की उरते ती नुसती गिचमिड. ती मराठी आहे हे फॉसिलला कळायला मार्गच नाही, त्याला दिसतात यूटीएफ-८ मध्ये न बसणारे बाइट. म्हणजे बोलत होतं ते खरंच.

तरी राग आला, तो उपायांचा. संदेशातच लिहिलेलं असतं की ‘नो-वॉर्निंग्ज’ लावा, नाहीतर ‘एन्कोडिंग-ग्लॉब’ सेटिंग बदला. त्या सेटिंगमध्ये ‘*’ टाकलं की तक्रार बंद, आणि ज्याला विचारावं तो हेच सांगतो. तक्रार बंद होते हो, पण मग दोन आवृत्त्यांतला फरक बघायला जावं तर डावीकडे गिचमिड, उजवीकडे गिचमिड. दिग्दर्शकाला काय दाखवू? शिवाय फॉसिलमध्ये गिटसारखं रीबेस (झालेला इतिहास पुन्हा लिहिणं) नाही, मुद्दामच दिलेलं नाही. ‘अमेंड’ने कमिटचा संदेश बदलतो, आतला मजकूर नाही. म्हणजे पहिल्याच कमिटमध्ये गेलेला कचरा कायमचा इतिहासाच्या पायात. मी ‘वाय’, म्हणजे हो, दाबलं नाही, आणि याचा मला अजून आनंद आहे.

मग त्या फाइली बाजूला काढून एकेक, जुन्या फॉन्टातलं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्या. इथे वेळ लागतो, आणि इथे घाई करू नका. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. ‘मार्मिक’, ‘आर्थिक’, ‘दुर्मिळ’ असे दोन्ही असलेले शब्द शोधून आधी तपासा. हे नीट उतरले असतील तर बाकीचं बरंचसं ठीक असतं. दुसरी गंमत रंगसूचनांची. लेखकाने ‘ब्लॅकआउट’, ‘फेड इन’ इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. फॉन्टची माहिती गेलेली असल्याने कन्व्हर्टरने त्याचंही इमानेइतबारे मराठी केलं. कुठल्या भाषेतलं म्हणावं असं! ते हातानेच दुरुस्त करावं लागलं.

पुन्हा कमिट. आता ओळींच्या शेवटांवरून तक्रार, कारण काही फाइली विंडोजवर टाइप झालेल्या, काही लिनक्सवर. इथे ‘सी’, म्हणजे कन्व्हर्ट, खुशाल दाबा. फक्त त्यानंतरही कमिट होत नाही! फाइल बदलली आहे, तपासून पुन्हा या, असं सांगून ते थांबतं. जुनी प्रत नावापुढे ‘ओरिजिनल’ लावून ठेवलेली असते. पुढच्या ‘अ‍ॅडरिमूव्ह’आधी ती उडवा, नाहीतर नव्या फाइली आपोआप जोडणाऱ्या त्या कमांडने तीही आत जाईल.

तिसऱ्या खेपेला एकही प्रश्न न विचारता कमिट झालं तेव्हा खिडकीत माझा मराठी संदेश चौकोन-चौकोन दिसत होता. काळजाचा ठोका चुकला. पण यूआय उघडलं तर तिथे ‘पहिला अंक, तालमीपूर्वीची संहिता’ स्वच्छ मराठीत. चौकोन त्या खिडकीच्या फॉन्टचे होते, मजकूर शाबूत होता.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवतंय: इनिट करताना अ‍ॅडमिनचा पासवर्ड स्क्रीनवर येतो, तो लिहून ठेवा, दुसरं कोणी जोडायचं झालं की लागतो. ती रेपॉझिटरीची फाइल कामाच्या फोल्डरात ठेवू नका, बाहेर ठेवा. टाइमलाइनवरच्या वेळा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतल्या, असतात. आमची रात्री दहाची तालीम दुपारी साडेचारची दिसायची आणि त्यावरून एक वाद झालाच. अ‍ॅडमिनमध्ये टाइमलाइनच्या सेटिंगात ते बदलता येतं.

दिग्दर्शकाच्या लॅपटॉपवर क्लोन केलंय, म्हणजे रेपॉझिटरीची प्रत घेतलीय. तिथे कमिट केलं की फॉसिल आपणहून मूळ रेपॉझिटरीशी सिंक करू बघतं, आणि तालमीच्या हॉलमध्ये नेट नसतं. मग सिंक फसलं, तरी पुढे जाऊ का, असं विचारतं. इथे मात्र बिनधास्त ‘वाय’ दाबा आणि घरी आल्यावर ‘फॉसिल सिंक’ म्हणा.