वळणावरचा खांब

शहरातल्या एका महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरचे ते वळण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पेपर सुटल्यावर तिथल्या रेटारेटीत एका मुलीचे मनगट मोडले होते. इमारतीतून बाहेर पडण्याच्या वाटा तपासणे हा माझा व्यवसाय, म्हणून मला बोलावणे आले.

नकाशात सारे नियमात होते. दोन मीटर रुंदीचा व्हरांडा, काटकोनी वळण आणि पुढे बारा पावलांवर जिना. एक मीटर रुंदीतून सेकंदाला साधारण सव्वा माणूस जातो, असे आम्ही धरतो. त्या हिशेबाने ही वाट पुरेशी होती. वळणाच्या बाहेरच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होते, ते हलवायला सांगून मी अहवाल दिला. ती माझी चूक होती.

पुढच्या पेपरला मी शहाबादी फरशीवर खडूने मीटर-मीटरचे चौकोन आखले आणि झरोक्याच्या गजाला मोबाइल बांधून चित्रण केले. घंटा झाल्यावर वळणाच्या आतल्या कोपऱ्यात असलेल्या खांबालगतच्या चौकोनात एका वेळी सहा-सहा डोकी दिसत होती. कपाट काढून मोकळा केलेला चौकोन मात्र बहुतेक वेळ रिकामाच होता. शेजारी उभे असलेले शिपाईमामा म्हणाले, "साहेब, पोरं त्या अंगानं जात्यातच कुठं?" माझ्या अहवालात नसलेली गोष्ट त्यांना कित्येक वर्षांपासून ठाऊक होती.

वळताना प्रत्येक जण जवळची वाट धरतो आणि ती आतल्या कोपऱ्याला घासून जाते. गर्दीच्या हालचालीचा अभ्यास करणाऱ्या हेल्बिंग आणि मोल्नार यांनी 1995 मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानात माणूस इच्छित दिशेकडे ओढला जातो आणि भिंतींपासून व इतरांपासून दूर ढकलला जातो. गर्दी दाटली की या ओढण्या-ढकलण्यातला तोल बिघडतो. त्यातून वळणारा माणूस पाऊल आखूड टाकतो, आणि मागच्याला पलीकडचे काही दिसत नसल्यामुळे तो आपल्याच वेगाने येत राहतो. खांबाचा ऑइलपेंट खांद्याच्या उंचीवर घासून आतला गिलावा उघडा पडला होता, तर समोरच्या कोपऱ्यात फरशीच्या कडेला धूळ साचलेली होती. एवढे पाहिले असते, तरी पहिल्या भेटीतच सारे कळले असते. आमच्या क्षेत्रातले लोक दारे आणि जिने इंच-इंच मोजतात, वळणाला मात्र सरळ वाटेचाच आकडा लावतात. आणि संस्थाचालक मुलांना शिस्त नाही म्हणून मोकळे होतात. चित्रणातली मुले अजिबात बेशिस्त नव्हती.

कोपरा तिरका छाटला असता तर बाहेरची जागाही वापरात आली असती, पण तिथे आरसीसीचा खांब आहे आणि त्याला हात लावता येत नाही. म्हणून खोल्या पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सोडायचे ठरले. परीक्षेच्या दिवशी त्याचा उपयोग होतो. आग लागली तर मात्र सारा मजला एकदमच त्या खांबाकडे येणार, आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाचा जिना कायम कुलपात असतो. तो उघडा ठेवावा असे मी आतापर्यंत दोनदा लेखी कळवले आहे. गेल्या सोमवारी पाहिले, तेव्हाही त्याची किल्ली कार्यालयातच टांगलेली होती.