घरगुती फोटो तपासताना आधी उजेड आणि कडा बघा

घरच्या फोटोवर मत द्यायचं म्हटलं की बरेच जण आधी एक-तृतीयांशाच्या, म्हणजे चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडणाऱ्या, रेषा आखतात. मला ते काम सगळ्यात शेवटचं वाटतं. आधी फोटो स्क्रीनवर नखाएवढा करून पाहावा आणि नजर पहिल्यांदा कुठे जाते ते टिपावं. डोळा उजळ जागेकडे, चेहऱ्याकडे आणि वाचता येणाऱ्या अक्षरांकडे धावतो.

समजा, आजी सुईत दोरा ओवतेय आणि शेजारी नात टक लावून बघतेय. मागे खिडकी पांढरीफटक झाली असेल तर बघणाऱ्याला आधी खिडकीच दिसते. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) कमी केलं तर चेहरे काळवंडतात, वाढवलं तर खिडकी आणखी जळते. दोन-तीन पावलं बाजूला सरकून खिडकी चौकटीबाहेर घालवा; तोच उजेड मग आजीच्या बोटांवर बाजूने पडतो आणि दोराही उठून दिसतो.

मग चारही कडांवरून नजर फिरवा. मनगट, गुडघा, घोटा अशा सांध्यावर कापलेला अवयव तुटल्यासारखा दिसतो. दोन सांध्यांच्या मध्ये कापलेला खटकत नाही. डोक्यातून खांब उगवलाय का? कॅमेरा वीतभर सरकवला तरी तो सुटतो. ही चूक कायम होते, कारण काढणाऱ्याचं लक्ष फक्त चेहऱ्यावर असतं.

या फोटोची गोष्ट सुईचं नेढं, आजीची नजर आणि नातीची नजर या तिघांत आहे. अर्धी चौकट कपाटाने खाल्ली असेल तर बेधडक क्रॉप करा, म्हणजे नको तो भाग कापून टाका. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा केला तरी २००० बाय १५०० उरतात. ६ बाय ४ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, १८०० बाय १२०० पुरतात.

पण क्रॉपने जवळून काढलेला चेहरा सुधारत नाही. फोनच्या मुख्य लेन्सची फोकल लेंथ फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या मापात साधारण २४ ते २६ मिमी भरते, म्हणजे ती रुंद दृश्य टिपते. फूट-दीड फुटावरून नाक मोठं दिसतं, आणि ग्रुप फोटोत कडेची माणसं ताणली जातात. दीड-दोन मीटर मागे जाऊन २एक्स झूम वापरा, ग्रुपच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते ‘इकडे बघा’. नजरा कॅमेऱ्याकडे वळल्या की त्या दोघींमधला धागाच तुटतो. त्यापेक्षा थांबा आणि बर्स्टवर, म्हणजे एकापाठोपाठ भराभर, फोटो काढा. खोलीतल्या मंद उजेडात फोन शटरचा वेग १/३० सेकंदापर्यंत खाली आणतो आणि हलणारी बोटं पुसट होतात. दिवे लावा, शक्य असेल तर १/२५० ठेवा. निवडताना दोरा नेढ्याच्या केसभर अलीकडे असलेली फ्रेम मी आधी उचलेन, कारण तिच्यात पुढे काय होणार हा प्रश्न शिल्लक आहे. दोरा गेल्यावरचं हसू ही वेगळी गोष्ट आहे. ती चांगली आली असेल तर दोन्ही ठेवा, बाकीच्या फ्रेम काढून टाका.