पोच

डिसेंबर 2024 मध्ये नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू असताना एका दिवशी माझी दोन कामे एकाच विषयाची निघाली. सकाळी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे एका खासगी शिकवणी वर्गाविरुद्धच्या तक्रारीत अंतिम युक्तिवाद होता, आणि दुपारी आमदार निवासात जाऊन, शिकवणी वर्गांचे नियमन करणारा कायदा राज्याने करावा, या मागणीचे निवेदन विदर्भातील एका आमदारांना द्यायचे होते. ग्राहकांच्या बाजूने वकिली करताना अशी निवेदने मी यापूर्वीही लिहिली आहेत. मात्र या निवेदनातले एक कलम मला त्या दिवशी पुन्हा लिहावे लागले, आणि ते कसे लिहावे हे मला माझ्या पक्षकाराकडून कळले.

तक्रारदार काटोल तालुक्यातील संत्रा उत्पादक शेतकरी. मुलीला वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करता यावी म्हणून त्यांनी नागपुरातील वर्गात दोन वर्षांचे 96 हजार रुपये एकरकमी भरले होते. पाचव्या आठवड्यात मुलगी आजारी पडली आणि घरी परतली, ती पुन्हा वर्गात गेलीच नाही. प्रवेश अर्जावर बारीक इंग्रजी अक्षरांत छापले होते की, एकदा भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही, आणि त्याखाली वडिलांची सही होती.

या एका ओळीपाशीच कायद्याची अडचण सुरू होते. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये ‘अनुचित करार’ ही संकल्पना प्रथमच आली, परंतु अशा कराराची अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार अधिनियमाने राज्य आणि राष्ट्रीय आयोगांना दिला, जिल्हा आयोगाला दिला नाही. त्यामुळे जिल्हा आयोगापुढे मला ती अट रद्द करा असे म्हणता येत नव्हते. न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेणे ही सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा आहे, एवढाच मार्ग उरत होता. शिकवणी वर्ग ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात, हे राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने जानेवारी 2020 मध्ये स्पष्ट केले होते, म्हणून तेवढा वाद तरी उरला नव्हता.

वर्गाच्या वकिलांनी बचाव मात्र वेगळाच घेतला. शुल्क परत न करण्याच्या अटीवर त्यांनी फारसा भर दिला नाही. मुलीने वर्ग सोडल्याचा कोणताही लेखी अर्ज आलेला नाही, पाच महिन्यांनी वकिलाची नोटीस मिळाली तेव्हाच आम्हाला हे समजले, आणि तोपर्यंत तिची जागा आम्ही राखून ठेवली होती, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्याकडे याचे उत्तर दुबळे होते. तक्रारदार सहा वेळा नागपूरला आले होते, पण खिडकीवर कोणी अर्ज घेतला नव्हता आणि दर वेळी पुढच्या सोमवारी या, असे सांगितले होते. या खेपांचा कागदोपत्री पुरावा कुठेच नव्हता.

सदस्यांनी तक्रारदारांना थेट विचारले, “सही तुमचीच आहे ना?” ते उभे राहून म्हणाले, “सही माझीच आहे जी, ते मी नाकारत नाही.” मग थोडे थांबून माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, पण त्यांचे गैरहजेरीचे मेसेज बंद कसे झाले मग?”

कसले मेसेज, हे मला माहीतच नव्हते. दोन वर्षांत मी त्यांना तो प्रश्न कधी विचारला नव्हता. त्यांनी खिशातून जुना फोन काढला. मुलगी घरी आल्यानंतर वर्गाकडून सलग अकरा दिवस ‘आपला पाल्य आज गैरहजर आहे’ असा संदेश आलेला होता आणि त्यानंतर तो कायमचा थांबला होता. जागा राखून ठेवलेल्या विद्यार्थिनीच्या पालकांना बाराव्या दिवसापासून कळवणे का थांबले, याचे उत्तर समोरच्या बाजूकडे नव्हते. मी तिथेच हाताने अर्ज लिहून ते संदेश अभिलेखावर घेण्याची परवानगी मागितली. दुसऱ्या बाजूला म्हणणे मांडण्यासाठी आयोगाने जवळची तारीख दिली आणि त्या दिवसाचा युक्तिवाद अर्ध्यावर थांबला.

तक्रारदारांची परतीची बस संध्याकाळची होती, म्हणून ते माझ्याबरोबर आमदार निवासाकडे निघाले. मोर्च्यांमुळे रस्ते अडवलेले होते, त्यामुळे आम्ही पायीच गेलो. वाटेत मी त्यांना निवेदन वाचून दाखवले. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. विद्यार्थ्याने मध्येच वर्ग सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क, वसतिगृह आणि खाणावळीच्या रकमेसह, दहा दिवसांत प्रमाणशीर परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. सूचनांना कायद्याचे बळ राज्याने द्यावे, कारण शिकवणी वर्गांची नोंदणी, तपासणी आणि दंड यांसाठी यंत्रणा राज्यालाच उभारावी लागणार, हा माझ्या निवेदनाचा गाभा होता. तिसऱ्या मुद्द्यात मी ‘दहा दिवसांत परतावा’ एवढेच लिहिले होते.

“दहा दिवस कुठून मोजायचे, ते यात नाही,” तक्रारदार म्हणाले. अर्जाच्या तारखेपासून, असे मी सांगताच त्यांनी विचारले, “अन् अर्जच नाही घेतला तर?”

ग्राहकाच्या बाजूने लिहिलेल्या कितीतरी तरतुदी याच एका ठिकाणी निकामी होतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे, तरीही स्वतः मसुदा लिहिताना माझी नजर मुदतीच्या आकड्यावरच राहिली. मुदत कितीही छोटी ठेवली, तरी ती सुरू करण्याची किल्ली व्यावसायिकाच्याच हाती राहिली, तर ग्राहकाला तिचा काही उपयोग होत नाही.

आमदार निवासाच्या आवारातील एका बाकावर बसून मी तिसरा मुद्दा खोडला आणि नव्याने लिहिला: विद्यार्थ्याच्या शेवटच्या हजेरीनंतर सलग पंधरा दिवस गैरहजेरी असल्यास, किंवा पालकांनी टपालाने, संदेशाने अथवा प्रत्यक्ष कळवले असल्यास, यांपैकी जे आधी घडेल त्या दिवसापासून दहा दिवस मोजावेत; हजेरीची नोंद सादर करण्याची जबाबदारी वर्गाची असावी; आणि प्रवेश अर्ज, पावती व परताव्याच्या अटी मराठीत ठळक अक्षरांत असाव्यात. हे शेवटचे वाक्यही त्यांनीच सांगितले.

आमदार सभागृहात होते. त्यांच्या स्वीय सहायकांनी निवेदन घेतले, वरवर चाळले आणि साहेबांना देतो म्हणाले. मी निघणार तोच तक्रारदारांनी आमची दुसरी प्रत पुढे केली.

“यावर तारीख टाकून शिक्का मारून द्या जी,” ते म्हणाले. सहायकांनी टेबलाच्या खणातून शिक्का काढला.