बार्नेगॅटची बुटकी होडी: स्नीकबॉक्स घरी बांधण्याचा माझा अनुभव

न्यू जर्सीच्या किनाऱ्याला समांतर वाळूच्या लांबट बेटांची रांग आहे. बेटांच्या पलीकडे अटलांटिक, अलीकडे बार्नेगॅटची उथळ खारी खाडी. थंडी पडली की उत्तरेकडून बदकं आणि ब्रँट जातीचे छोटे हंस इथे उतरतात. याच खाडीकाठच्या वेस्ट क्रीक गावात १८३६ च्या सुमारास हेझल्टन सीमन नावाच्या होडी बांधणाऱ्याने बदकांच्या शिकारीसाठी एक वेगळीच होडी बांधली. लांबी साधारण १२ फूट, रुंदी ४ फूट, वरून जवळजवळ सगळी झाकलेली आणि मधोमध एक माणूस आडवा होईल एवढंच तोंड. तिला स्नीकबॉक्स म्हणतात. नथॅनिएल बिशप नावाचा माणूस १८७५ च्या हिवाळ्यात अशाच होडीतून पिट्सबर्गहून निघाला आणि ओहायो, मिसिसिपी करत मेक्सिकोच्या आखातापर्यंत वल्हवत गेला. एवढी लहान होडी एवढं सोसते, हे वाचूनच मी तिच्या नादाला लागलो.

मी शिकार करत नाही, मला फोटो काढायचे असतात. आमचे शेजारी मात्र जुने शिकारी आहेत. परवाना काढून, हंगाम आणि मर्यादा पाळून बंदूक उचलणारे. भारतात शिकारबंदीत वाढलेल्या मला सुरुवातीला हे जड गेलं. पण इथे शिकाऱ्याला दर वर्षी २५ डॉलरचं ‘डक स्टॅम्प’ घ्यावं लागतं. ही पद्धत १९३४ पासून चालू आहे आणि त्यातले जवळपास सगळे पैसे पाणथळ जागा राखायला जातात, हे त्यांनीच मला समजावलं. तेव्हापासून मीही ते स्टॅम्प घेतो. पक्षी बघणाऱ्या प्रत्येकाने घ्यावं असं मला वाटतं.

माझं लहानपण भिगवणच्या आसपास गेलं. उजनीच्या पाण्यात मच्छीमारांच्या होडीत बसून रोहित आणि पट्टकादंब पाहिले. तिथल्या पक्ष्यांना होडीची सवय असते. बार्नेगॅटच्या बदकांना पिढ्यान्‌पिढ्या होडीतून बंदुकीच्या फैरी मिळाल्यात, त्यामुळे होडीचा नुसता आकार दिसला तरी थवा उठतो. म्हणजे कॅमेरा असो की बंदूक, गरज एकच: पाण्यावर जेवढं कमी दिसता येईल तेवढं कमी दिसायचं. होडी बांधताना प्रत्येक वळणावर मला याच एका गोष्टीशी मुकाबला करावा लागला. आपण काहीही नवीन जोडायला गेलो की होडीची उंची वाढते, आणि उंची वाढली की ती स्नीकबॉक्स राहत नाही.

आराखडा हाती आल्यावर टकर्टन सीपोर्ट या इथल्या सागरी संग्रहालयात जाऊन तिथल्या जुन्या होड्या डोळे भरून पाहिल्या. कागदावर जे कळत नव्हतं ते तिथे वाकून पाहिल्यावर कळलं. साध्या होडीला पुढे एक उभी नाळ असते आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या तिला येऊन मिळतात. इथे नाळच नाही. तळाच्या फळ्या पुढे जाता जाता वर वळतात आणि थेट डेकच्या, म्हणजे वरच्या झाकणाच्या, कडेला जाऊन थांबतात. पुढचा भाग पळीच्या तोंडासारखा गोल. त्यामुळे होडी चिखलावर, गवतावर, अगदी बर्फावरही सरकत चढते.

हा दुहेरी बाक सपाट प्लायवुडला देता येत नाही. म्हणून मी अरुंद पट्ट्या जोडून तळ बांधायचं ठरवलं. लाकूड इथलंच हवं होतं: अटलांटिक व्हाइट सीडर. न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समधल्या दलदलीत हे झाड वाढतं. हलकं, सरळ रेषांचं आणि सहजासहजी न कुजणारं, म्हणूनच जुन्या कारागिरांनी तेच धरलं. तिकडच्या एका लहान लाकूड गिरणीतून फळ्या आणल्या आणि गॅरेजमध्ये टेबल सॉवर त्यांच्या पाऊण इंच रुंद, ३/८ इंच जाड पट्ट्या काढल्या. प्रत्येक कापात करवतीच्या पात्याएवढं लाकूड भुशात जातं, हे हिशेबात धरूनच माल घ्यावा. पुढे इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून करायचा पक्का गोंद, घट्ट करायला हाच भुसा चाळून कामी आला. गॅरेजला महिनोन्‌महिने सीडरचा वास होता. गाड्या अर्थातच बाहेर बर्फात.

एका लांब, ताठ चौकटीवर फूट-फूट अंतराने प्लायवुडचे आडवे साचे उभे केले. या टप्प्यात घाई करूच नये. साचे एका दोरीत आहेत का, पाणसळ बरोबर आहे का, हे पुन्हा पुन्हा तपासलं, कारण इथला अर्धा सेंटिमीटर पुढे तळावर लाट होऊन दिसतो. मग होडी पालथी धरून काठापासून पट्ट्या बसवायला सुरुवात केली. एका कडेला गोलाई, दुसऱ्या कडेला तेवढीच खाच. गोलाईत खाच बसवून मध्ये गोंद. मधल्या भागात काम झरझर होतं. पुढच्या टोकाला मात्र प्रत्येक पट्टी एकाच वेळी वाकवायची आणि पिळायचीही असते. तिथे पट्टीला ओलं फडकं गुंडाळून हीट गनने गरम करायचो आणि हळूहळू साच्यावर बसवून क्लॅम्प लावायचो. संध्याकाळी ऑफिसचं काम संपल्यावर एक-दोन पट्ट्या झाल्या तरी मी समाधानाने वर जायचो. आई तेव्हा इथे आली होती. ती गॅरेजच्या पायरीवर शाल घेऊन बसायची आणि म्हणायची, “अरे, ओढू नकोस तिला. वाकेल तेवढीच वाकव, राहिलेलं उद्या.” तिच्या वडिलांचं सुतारकाम तिने पाहिलेलं आहे. तिचं ऐकलं आणि एकही पट्टी मोडली नाही.

तळ बंद झाल्यावर रंधा. गोल तळावर लहान रंधा तिरका चालवायचा, मग लांब, लवचीक पट्टीला सँडपेपर लावून घासायचं. खोलगट जागा दिवसाच्या उजेडात दिसत नाहीत. दिवे घालवून, एकच दिवा जमिनीलगत ठेवून बाजूने उजेड टाकला की सावल्या सगळं सांगतात. त्याहून जास्त माझा तळहातावर भरवसा बसला. डोळे मिटून हात फिरवला की उंचवटा लगेच लागतो.

मग फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सी. इपॉक्सीचं वेळापत्रक हवामान ठरवतं. थंडीत ते वाळतच नाही, म्हणून हे काम एप्रिल-मेवर ठेवलं. कालवलेलं इपॉक्सी खोल भांड्यात राहू दिलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापून दगड होतं, तेव्हा कालवल्याबरोबर पसरट ट्रेमध्ये ओतायचं. वाळल्यावर पृष्ठभागावर चिकट थर येऊ शकतो. पुढचा हात देण्याआधी तो पाण्याने धुवायचाच. हातमोजे आणि चांगला मास्क यांना पर्याय नाही. सीडरची धूळसुद्धा फुप्फुसाला त्रास देते. पांढरं कापड इपॉक्सी पिऊन पारदर्शक होतं आणि खालचं लाकूड वर येतं, तो क्षण मला फार आवडला. या होडीला शेवटी मातकट रंगच द्यायचा असतो. तरी त्या संध्याकाळी ते लाकूड मी बराच वेळ पाहत उभा होतो.

होडी सुलटी केल्यावर डेक. डेकच्या आडव्या तुळयांना मध्ये चांगली फुगवटी द्यायची, म्हणजे अंगावर आलेली लाट दोन्हीकडे ओघळून जाते. पाण्यापासून काठाची उंची इतकी कमी की हाच तिचा बचाव. डॅगरबोर्डची, म्हणजे होडी आडवी वाहू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीची, खाच मधोमध न ठेवता एका बाजूला ठेवली. मध्ये माणूस झोपणार, त्याच्या कमरेत ती नको. वल्ह्यांचे आधार बिजागरीवर बसवले. वल्हवताना उभे, थांबलं की डेकवर आडवे. पुढे लाट अडवायला कॅनव्हासचा पडदा, तोही काठी काढली की खाली पडतो. वरचा थवा फसून उतरावा म्हणून पाण्यावर सोडायची लाकडी बदकं मागच्या डेकवर ठेवायला सुट्या फळ्यांचं कुंपण. शेजाऱ्यांनी हे सगळं पाहून फक्त एक दुरुस्ती सुचवली: तळाच्या ओकच्या दोन धावपट्ट्या चिकटवायच्या नाहीत, स्क्रूने बसवायच्या. वाळू आणि बर्फावर घासून त्या झिजणार, बदलता आल्या पाहिजेत. मी तसंच केलं. वर्षानुवर्षं होडी ओढलेल्या माणसाच्या सल्ल्याला आराखड्याइतकाच मान द्यावा.

रंग निवडायला मी नोव्हेंबरमध्ये खाडीकाठचं वाळलेलं गवत मूठभर घरी आणलं आणि दुकानात त्याच्याशी जुळवून बिनचमकेचा रंग घेतला. चमक अजिबात नको. बदकं वरून पाहतात आणि ओला, चमकता डेक त्यांना फार लांबून दिसतो. डेकवर दोन्ही बाजूंना पट्ट्या मारून त्यांत गवत खोचायची सोय केली.

डिसेंबरात होडी पाण्यात टाकली. अंगात ड्रायसूट, वर लाइफ जॅकेट, भरती-ओहोटीचं वेळापत्रक खिशात आणि कुठे जातोय ते घरी सांगून. त्या पाण्यात यातलं काहीही वगळू नये. होडी आराखड्यातल्या रेषेवर बरोबर तरंगली. काठाच्या गवतात शिरून आडवा झालो. वाऱ्याचा आवाज डोक्यावरून जात होता, मला लागत नव्हता. तासाभराने बफलहेड बदकांची एक टोळी पोहत पोहत माझ्या लेन्सच्या अगदी जवळ आली, इतकी की फोकस बसेना. नर बुडी मारून वर यायचा तेव्हा त्याच्या डोक्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून ओघळणारे थेंब वेगळे दिसत होते.

आता उरलेल्या सीडरमधून लाकडी बदकं कोरायला घेतली आहेत. टकर्टनच्या हॅरी शूर्ड्‌ससारखे इथले जुने कारागीर ती दोन भागांत कोरत, आतून पोकळ करत आणि मग जोडत. लहान होडीत पुष्कळ बदकं न्यायची तर प्रत्येकाचं वजन कमी हवं. पहिल्याचं पोट पोकळ करून झालं आहे, डोकं बाकी आहे. मान किती उंच ठेवायची यावर शेजाऱ्यांचं आणि माझं अजून एकमत होत नाही. त्यांच्या मते मान आखडून, निवांत बसलेलं बदक पाहिलं की वरचा थवा लवकर उतरतो.