गारग्रेव्हला कुलूप: लीड्स-लिव्हरपूल कालव्यावरून अर्ध्यातून माघार

उत्तर इंग्लंडमधल्या गारग्रेव्ह गावी कालव्याच्या पहिल्याच लॉकच्या दाराला साखळी होती आणि तिला कुलूप. लॉक म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारा, दारं असलेला हौद. शेजारी प्लास्टिकमध्ये घातलेला कागद: माथ्यावरच्या जलाशयांत पाणी उरलेलं नाही, पुढची सूचना येईपर्यंत वाहतूक बंद. संध्याकाळ झाली होती. बायको म्हणाली, "आता चहा ठेवते, मग ठरवू."

मित्राची ५७ फुटी नॅरोबोट (कालव्यांसाठीची अरुंद, लांब बोट) घेऊन आम्ही लीड्सहून विगनकडे निघालो होतो. १२७ मैलांचा हा कालवा १८१६ मध्ये पुरा झाला. पेनाइन डोंगर ओलांडताना एक बोट गेली की माथ्यावरचं पाणी दोन्ही बाजूंना एकेक लॉकभर खाली उतरतं. पाऊस नसला की हिशेब लवकर संपतो. २०१० च्या उन्हाळ्यातही हेच झालं होतं. म्हणून मेनंतर निघणार असाल तर अडथळ्यांच्या सूचना मोबाइलवर सुरू करून ठेवा आणि रोज सकाळी बघा. आम्ही दोन दिवस बघितल्या नव्हत्या.

"कधी उघडेल?" हा प्रश्न मी तीन जणांना विचारला, तीन उत्तरं मिळाली. खरं तर विचारायला हवं होतं, की अडकायचंच असेल तर कुठे अडकलेलं परवडेल? गारग्रेव्ह ते बिंगली हा सुमारे १७ मैलांचा पट्टा एकाच पातळीवर आहे, मध्ये एकही लॉक नाही. उद्या बिंगलीची लॉकही बंद झाली तर आम्ही त्या पट्ट्यातच कोंडले जाणार. त्याच पट्ट्यातल्या स्किप्टनला रेल्वे स्टेशन आहे, नळ आहे, दुकानं आहेत. सुट्टी संपत आली असेल तर बोट तिथे बांधून घरी जाणं काही वाईट नाही. पण बोट बांधायच्या फुकटच्या जागी साधारण १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही, म्हणून बंदीच्या काळात सवलत आहे का ते आधी विचारून घ्या. आमच्या हातात तीन आठवडे होते. मागे फिरायचं ठरलं.

सकाळी जाग आली ती कप घसरल्याच्या आवाजानं. रात्रीत पाण्याची पातळी चार बोटांइतकी उतरली होती, काठाकडची बाजू गाळावर टेकलेली आणि दोर तारेसारखे ताणलेले. बोट कलली होती. दोर सैल करून लांब काठीनं ढकलायला अर्धा तास गेला. दुष्काळात दोर ढिले बांधा, काठापासून जरा दूर. वळायच्या रुंद जागा नकाशावर आधीच खुणा करून ठेवा, एवढी लांब बोट मनाला येईल तिथे फिरत नाही.

परतीचे फिरते पूल दोघांनी उघडणं म्हणजे दिवसभराची कवायत. बिंगलीला १७७४ ची पाच पायऱ्यांची लॉक आहेत, एकाचं खालचं दार म्हणजे पुढच्याचं वरचं. कर्मचारी सोबत असल्याशिवाय जायचं नाही आणि त्यांच्या वेळा ठरलेल्या, तेव्हा लवकर पोचा. उतरताना वरचं लॉक भरलेलं आणि बाकीची रिकामी लागतात. बोट पुढे ठेवा. मागचा भाग दाराखालच्या दगडी उंबऱ्यावर राहिला तर पाणी उतरल्यावर बोट लटकते.

लीड्सला आल्यावर दुसऱ्या वाटेनं डोंगर चढायचा मोह झालाच. रॉचडेल आणि हडर्सफील्ड नॅरो हे दोन कालवे पर्याय आहेत, पण तेही जलाशयांवरच जगतात. शिवाय रॉचडेलकडे जाताना काल्डर अँड हेबल या जलमार्गाची लॉक लागतात. तिथे ५७ फुटांच्या आसपासच बोट मावते आणि काही झडपा उघडायला लाकडी दांडा बरोबर लागतो. त्यापेक्षा नदीवर चालणारा मार्ग बरा, असं माझं मत. एअर अँड काल्डर या जलमार्गावरून कॅसलफर्ड, तिथून सेल्बी, मग ऊझ नदीनं यॉर्क. नदीचं पाणी असं एकदम आटत नाही आणि एअर अँड काल्डरची मोठी लॉक बटणावर चालतात.

सेल्बीच्या पुढे मात्र भरती-ओहोटीची नदी आहे. आधीच फोन करा, लॉकवाले भरतीप्रमाणे वेळ देतात आणि तीच पाळायची. लाइफ जॅकेट घाला. नांगर दोर-साखळीसकट बांधून हाताशी ठेवा. आमचा कोळशाच्या पोत्यांखाली होता, तोही दोराशिवाय. लॉकवाल्यांनी तो बघितला आणि आमची वेळ दुसऱ्या दिवशीवर ढकलली.