दुसरी व्यक्ती आढळली

रेकॉर्डिंगच्या एकोणिसाव्या मिनिटाला पडद्याच्या डाव्या कडेतून एक हात आत येतो. म्हातारा हात, कोपरापर्यंत गोंदलेला, मनगटात दोन हिरव्या बांगड्या. मुठीत मोबाईल. परीक्षा देणारी मुलगी मान वळवते, काहीतरी पुटपुटते, पुन्हा टाईप करू लागते. थोड्या वेळाने बाहेरून आवाज येतो, "झालं का वं?"

आमच्या सॉफ्टवेअरने तिथे तीन लाल खुणा करून ठेवल्या आहेत. दुसरी व्यक्ती आढळली. मोबाईल आढळला. संभाषण आढळलं.

मी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गोदामं आणि मालाच्या गाड्या यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. दोन वर्षांपूर्वी वरून ठरलं की नुकत्या पदवी झालेल्या मुलांसाठी अठरा महिन्यांचा कार्यक्रम काढायचा, तीन टीममध्ये सहा-सहा महिने काम द्यायचं, आणि त्यात 'सगळीकडची' मुलं घ्यायची. सगळीकडची म्हणजे कुठकुठची, हे कोणी बोललं नाही. सादरीकरणात पाच हसऱ्या चेहऱ्यांचा विकत घेतलेला फोटो होता. त्यातला एकही चेहरा वणी-मारेगावच्या एसटीत बसलेला दिसणार नाही. मी मूळचा आर्वीचा, त्यामुळे विदर्भ आपोआप माझ्या गळ्यात आला.

लोकांना वाटतं की कंपन्या पहिल्या फेरीत हुशारी शोधतात. पहिल्या फेरीत कोणी काही शोधत नसतं, फक्त गाळत असतं. दहावी, बारावी, पदवी, तिन्हीकडे ६० टक्के. एकही विषय मागे राहिलेला नको. मधलं वर्ष गेलेलं नको. या अटींचा चांगला प्रोग्राम लिहिण्याशी संबंध विचाराल तर अर्ज ढीगभर आणि वाचणारे आम्ही चार, इतकाच आहे. मी तीन महिने भांडून ही अट काढायला लावली. शिवाय परीक्षेच्या फेरीत नाव, आडनाव, गाव, कॉलेज, सगळं झाकलं. तपासणाऱ्याला दिसतो फक्त एक आकडा. आपल्याकडे आडनाव वाचलं की अर्धी कुंडली कळते आणि गाव वाचलं की उरलेली. या कामाचा मला अभिमान होता, दोन बैठकांत मी त्यावर बोललोही होतो.

परीक्षा घरून द्यायची, कॅमेरा चालू ठेवून. हीही अट माझीच. आधीच्या वर्षी नऊ जणांच्या उत्तरांत एकच चूक, त्याच ओळीत, त्याच स्पेलिंगसकट सापडली होती, म्हणून. सॉफ्टवेअर चेहरा, नजर, आवाज, तुटलेलं कनेक्शन सगळं मोजून शंभरपैकी सचोटीचे गुण देतं. ६० च्या खाली गेलं की अर्ज बाद, माणसाने बघायचीही गरज नाही. साठच का? साठ हा आकडा आमच्या डोक्यात इतका बसलाय की एका दाराने घालवला आणि दुसऱ्या दाराने मीच आत घेतला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलाखतींसाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. पुण्याहून रात्रीची गाडी, सकाळी धामणगावला उतरायचं, पुढे जीप. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. बायका ओटी बांधून वेचायला लागलेल्या. तेव्हाच लक्षात आलं की तारीख चुकली. किलोमागे दहा-बारा रुपये मिळतात त्या दिवसांत घरातली पदवीची पोरगीही वावरात असते. पुण्यात तारीख ठरवताना आम्ही दिवाळी पाहिली होती, क्रिकेटचा सामनाही पाहिला होता.

कॉलेजात शाल, नारळ, संस्थाध्यक्षांचं भाषण. चाळीस मिनिटं. बॅनरवर आमच्या कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त. पोरं घामाघूम होऊन टाय आवळून बसलेली, आणि अध्यक्ष सांगत होते की त्यांनी संस्था काढली तेव्हा इथे पऱ्हाटी होती. प्लेसमेंटचे सर मात्र भला माणूस. चहा देताना हळूच म्हणाले, "सर, राग नका मानू. पोरी घ्याल अन् जॉइनिंगच्या दिवशी खुर्ची खाली राहील. मायबाप पुण्याले पाठवत नाहीत. मागं दोघी गेल्या नाहीत, तर त्या कंपनीनं आमच्याकडं येणंच बंद केलं." मी रागावणार होतो. पण हा माणूस दरवर्षी कंपन्यांच्या हातापाया पडून त्यांना इथे आणतो. एक कंपनी गेली की पन्नास पोरांची वाट बंद होते. त्याचा हिशोब त्याच्या जागी चुकीचा नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत शिपाई म्हणाला, एक पोरगी बाहेर थांबली आहे, यादीत नाव नाही, पण हलायलाही तयार नाही.

ती आत आली. खांद्याला कापडी पिशवी, पायात धूळ. म्हणाली, "सर, मले मेल आला, नाही झालं म्हणून. कारण नाही लिहिलं त्यात. ते विचाराले आली." अठ्ठावीस किलोमीटर, एसटीने, अर्ध्या तिकिटात. असं कारण विचारायला आजवर कोणी आलेलं नाही. फोन येतात, ओळखीच्या आमदाराचेसुद्धा येतात, पण ते नोकरी मागायला. मी ठरलेलं वाक्य म्हटलं : स्पर्धा फार होती, पुढच्या वेळी प्रयत्न करा. ती उठली नाही. "पेपर चुकला असन तर कुठं चुकला ते सांगा. सुधारते."

तेव्हा मी लॅपटॉप उघडला. तिचा आकडा २१७. सचोटीचे गुण ३८. आणि शेजारच्या रकान्यात, जो बाद अर्जांच्या बाबतीत कोणी उघडतच नाही, कोडिंगचे गुण : त्या तुकडीत दुसरा क्रमांक.

प्रश्न मीच काढलेला होता, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माल पोचल्याच्या पावत्या एकामागून एक येतात. प्रत्येकीवर क्रमांक, गाडी, नग. शेवटी गाडीमागे एकूण नग सांगायचे. दिसायला नुसती बेरीज आहे. गोम अशी की नेट तुटलं की गाडीवाल्याच्या हातातलं यंत्र तीच पावती पुन्हा पाठवतं. प्रश्नात हे लिहिलेलं नाही. नमुन्याच्या दहा ओळींत एक क्रमांक दोनदा आहे, बस. बहुतेक मुलं दोन्ही धरून बेरीज करतात. बरी मुलं दुसरी गाळतात. हिने गाळली होतीच, पण आणखी एक शक्यता धरली होती : क्रमांक तोच, पण नग वेगळे. अशी पावती खरी कुठली? तिथे तिने रोमन लिपीतल्या मराठीत शेरा टाकला होता : 'इथं खरं तर माणसाला विचारलं पाहिजे, पण उत्तरात तेवढी जागा नाही.' ही अक्कल आमच्या कंपनीला यायला दोन वर्षं आणि भिवंडीच्या एका ग्राहकाच्या शिव्या लागल्या. आजही आमच्याकडचे काही अनुभवी लोक दोनपैकी शेवटची पावती खरी धरून मोकळे होतात.

"हे कुठं शिकलात?"

"मामाचं सेवा केंद्र आहे. २०२३ च्या जुलैत एक रुपयात पीकविमा सुरू झाला तेव्हा तिथं बसत होते. सर्व्हर दिवसा चालेच ना, रात्री दोन-दोन वाजता फॉर्म भरायचो. पैसे कटले अन् पावती नाही आली, तर पुन्हा भरायचं की नाही हे कोणी सांगत नव्हतं. मग मी वही केली. पावती आली, दोनदा गेलं, अन् विचारायचं आहे, असे तीन रकाने."

मग आम्ही दोघांनी रेकॉर्डिंग पाहिलं. हात आला तशी ती हसली आणि लगेच गप्प झाली. "आजी आहे ती. आमच्या घरी रेंज खिडकीच्या वरच्या गजापाशीच येते. मोबाईल बांधून पाहिला, दोनदा पडला. मग आजीनं धरला. हॉटस्पॉट होता ना तो." पेपर दीड तासाचा. मी विचारलं, पूर्ण वेळ? "हो. हात दुखला की बदलत होती. तेव्हाच ती अशी पुढं दिसते."

माझ्याकडे कनेक्शन तुटल्याच्या नोंदी होत्या, सेकंदासकट. चार वेळा तुटलेलं. एकोणिसावं मिनिट, अडतिसावं, एकसष्टावं, अठ्ठ्याहत्तरावं. चारही ठिकाणी रेकॉर्डिंग नेलं. चारही वेळा आजी हात बदलत होती. मी नाव झाकलं, आडनाव झाकलं, गाव झाकलं आणि मग थेट तिच्या घरात कॅमेरा लावला.

हे सांगायला जितका वेळ लागला त्याच्या निम्म्या वेळात पुढचं उरकलं. पुण्याला फोन करून बाद झालेला अर्ज उघडून घेतला. चार वाजता तिची मुलाखत ठेवली. तेवढ्यात लाईट गेली, इन्व्हर्टरला आमचा राउटर झेपेना, तेव्हा खडू घेऊन फळ्यावर. ती दोनदा अडली, एकदा साफ चुकली, आणि चुकलं हे आमच्या आधी तिनेच सांगितलं. सोबतचा सहकारी कडक म्हणून प्रसिद्ध आहे, त्यानेही होकार दिला. बाहेर आल्यावर प्लेसमेंटचे सर कानाशी येऊन तिची जात सांगून गेले, मी विचारलेली नसताना. त्यांना वाटलं, आमच्या 'सगळीकडची' या रकान्याला उपयोग होईल.

"पुण्याला याल ना?" मी शेवटी विचारलं. तिचा उलटा प्रश्न : "राहाचं कुठं, अन् पगार येईपर्यंत खाचं काय?" आमच्या माहितीपत्रकात टेबल टेनिसचं टेबल आहे, कॉफीचं यंत्र आहे. खोलीचं डिपॉझिट आणि पहिला दीड महिना यावर एक ओळ नाही. पहिला पगार हातात पडेपर्यंत पुण्यात जे पैसे लागतात ते ज्याच्या घरात आहेत त्यालाच आमचा कार्यक्रम खुला आहे, हे मला अकरा वर्षं नोकरी करून सुचलं नव्हतं. मी स्वतः आतेभावाच्या खोलीवर सहा जणांत झोपलो होतो, तरी. आता जॉइनिंगच्या पंधरा दिवस आधी एक रक्कम द्यायची असं मंजूर करून घेतलंय. फायनान्सने विचारलं की ती पैसे घेऊन आलीच नाही तर? मी म्हटलं, मग गेले.

परत आल्यावर त्या तुकडीतले फक्त सचोटीच्या गुणांवर बाद झालेले अर्ज काढले. ४३ निघाले. तीन संध्याकाळी मी आणि तो कडक सहकारी बघत बसलो. अर्ध्याच्या आसपास खरोखर लबाडी होती. एका बहाद्दराचा भाऊ टेबलाखाली बसून उत्तरं सांगत होता, त्याचे पाय दिसतात. काहींचं काही ठरवता आलं नाही. पण अकरा जणांच्या पडद्यावर होतं ते नुसतं घर : पाणी मागणारे आजोबा, मागून चाललेली शेळी, एका खोलीत सातवीतला भाऊ मोठ्याने पाढे म्हणतोय. त्या अकरांना पुन्हा बोलावलं. आधीच्या तुकड्यांचं काही करता येत नाही. करारानुसार रेकॉर्डिंग नव्वद दिवसांनी पुसली जातात, आणि त्या करारावर, उमेदवारांच्या खासगीपणाचा मान राखतो म्हणून, मी आनंदाने सही केली होती.

परीक्षेवर नजर ठेवणारं ते सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं, तिच्या लोकांशी बोललो. म्हणाले, दुसऱ्या व्यक्तीची खूण एका कार्यक्रमापुरती बंद करता येणार नाही, सगळ्या ग्राहकांना तीच. म्हणून पुढच्या वेळी परीक्षा कॉलेजच्या लॅबमध्ये घ्यायची, आणि वेचणी संपल्यावर. प्लेसमेंटच्या सरांना हे पटलं. फक्त त्यांनी विचारलंय की लाईट गेली तर जनरेटरचं डिझेल कोणाच्या खर्चात. मी ते बिल कंपनीच्या नावे टाकलंय. तीन आठवडे झाले, खर्चाच्या फॉर्मवर 'डिझेल' हा प्रकार नाही म्हणून ते दोनदा परत आलंय. काल तिसऱ्यांदा 'इंटरनेट' या सदरात टाकून पाठवलं.