कोलंबियाकाठचा शनिवार

शनिवार, रात्री

आज आई-बाबांना घेऊन कोलंबिया नदीकाठी दिवसभर फिरून आले. अमेरिकेत, इथे पोर्टलँडला आलेल्या पाहुण्यांना आम्ही मराठी मंडळी बहुतेक वेळा मल्टनोमा धबधब्यापर्यंत नेतो आणि तिथून माघारी फिरतो. पण जूनच्या या दिवसांत नदीला सॉकाय जातीचे सॅमन चढतात, आणि आईला ते बघायचेच होते.

बॉनव्हिल धरण इथून तासाभरावर. १९३८ सालचं. माशांना वर जाता यावं म्हणून धरणाच्या कडेने पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट बांधली आहे, आणि खालच्या दालनात त्या वाटेला काचा लावल्या आहेत. आधी दिसली ती शॅडची झुंड. हा मासा मूळचा इथला नाही, एकोणिसाव्या शतकात पूर्व किनाऱ्यावरून आणून पश्चिमेकडे सोडलेला. आपल्या हिल्साच्या जातकुळीतला. मग त्या गर्दीतून एक सॉकाय आला. निळसर पाठ, चांदीसारखं पोट. शेपटीच्या जरा वर कातडं सोललेलं, आतलं लाल मांस दिसत होतं. काचेपाशी तो प्रवाहाला तोंड देत जागच्या जागी थांबला, कल्ले भराभर उघडमिट, आणि एका झटक्यात वर निघून गेला. आई चिपळूणची. ती एकदम म्हणाली, "अगं, ही तर वलगणच!" पहिल्या पावसात ओढ्यातून शेतात चढणाऱ्या माशांमागे ती लहानपणी भावांबरोबर धावलेली आहे, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

नदीत शिरल्यावर हे मासे खाणंपिणं सोडतात. अंगातल्या चरबीवर सगळा प्रवास. त्यातले काही आयडाहो राज्यातल्या रेडफिश तळ्याकडे निघालेले असतात: समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर, वाटेत आठ धरणं, आणि तळं साडेसहा हजार फुटांवर, म्हणजे कळसूबाईपेक्षाही उंच. १९९२ साली तिथवर एकच सॉकाय पोहोचला, तोही नर. त्याच्यासकट मोजक्या माशांपासून माणसांनी ही पैदास पुन्हा उभी केली. हे मी सांगत होते तेव्हा बाबा काचेजवळून हलायला तयार नव्हते.

पुढे कॅस्केड लॉक्सला, ब्रिज ऑफ द गॉड्स या पुलाच्या पायथ्याशी, आदिवासी कोळी स्वतः धरलेले मासे विकायला बसतात. याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या चार जमातींनी १८५५ च्या तहांत जमिनी सोडल्या, पण आपल्या नेहमीच्या जागांवर मासेमारीचा हक्क राखून ठेवला. आज तिथे बसलेली बाई साधारण आईच्याच वयाची. तिने बर्फाच्या पेटीतून सॉकाय काढला, कल्ला उचलून आतला लालभडक रंग दाखवला. आईने मान डोलावली, माझ्याकडे बघून म्हणाली, "गाभोळी आहे का विचार." गाभोळी म्हणजे माशाची अंडी. होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी सौदा छान झाला.

हूड रिव्हर गावाच्या पुढे हिरवाई संपते, डोंगर पिवळे होतात, वारा वाढतो. सेलिलोला पोहोचलो तेव्हा गाडीचं दार उघडणं कठीण जात होतं. इथे मोठा धबधबा होता. लाकडी माचणांवर कमरेला दोर बांधून, लांब दांड्याच्या जाळ्यांनी माणसं हजारो वर्षं सॅमन धरत आली. १० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत सगळं पाण्याखाली गेलं. खडक अजून तसेच आहेत. २००८ मध्ये ध्वनिलहरींनी तळ तपासणारं सोनार यंत्र लावून बघितलं तेव्हा दिसले. वर मात्र सपाट, रुंद पाणी, आणि धबधब्याच्या काळापासून उभा असलेला रेल्वेचा पूल.

बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "यांना जमीन कुठे दिली?"

माझ्या आजीचं माहेर कोयनेच्या जलाशयात आहे. तिचे भाऊ कुठल्या कुठे पांगले, सातबाऱ्यासाठी खेटे घालत राहिले, ते बाबांनी बघितलं आहे. मी त्यांना जे ठाऊक होतं ते सांगितलं. सेलिलोसाठी जमातींना २ कोटी ६८ लाख डॉलर मिळाले. त्याआधी बॉनव्हिलखाली बुडालेल्या जागांच्या बदल्यात सुमारे ४०० एकर द्यायचं ठरलं होतं, कित्येक दशकं हाती आली जेमतेम ४० एकर. बाबा म्हणाले, "म्हणजे तिथेही तेच." आणि मग बराच वेळ त्या चार जमातींबद्दल विचारत राहिले: आता जगतात कशावर, मुलं मासेमारी करतात का, एप्रिलमध्ये पहिल्या सॅमनचा सण होतो तो कुठे. सण सेलिलोच्या वस्तीतच होतो, अजूनही. ते ऐकून त्यांना बरं वाटलं.

मलाही त्याचाच आधार वाटतो. माझ्या घरातल्या दिव्यात याच नदीची वीज आहे, आणि ज्यांचा धबधबा गेला ती माणसं आजही माशांसाठी थंड, वाहतं पाणी मागत भांडत आहेत. २०१५ च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की अडीच लाखांवर सॉकाय वाटेतच मेले. ही त्यांची लढाई माझीही आहे, असं मी आजपासून मानते.

रात्री आईने तुकड्यांना कोकमाचं आगळ आणि मसाला लावून रव्यात घोळवून तळलं, गाभोळी वेगळी. बाबांनी जेवताना विचारलं, आज बघितलेला मासा रेडफिशचा असेल तर तिथे कधी पोहोचेल? जुलैअखेर, नाहीतर ऑगस्टमध्ये. तोवर ते दोघं चिपळूणला परतलेले असतील. तळ्यावरचे आकडे मी त्यांना फोनवर कळवत राहणार आहे.